अनेक खोडांचा यू : निसर्गसदृश बोन्साय घडवण्याची तत्त्वे

एकाच बुंध्यातून अनेक खोडे उठणे हा यू वृक्षाचा स्वभाव आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमधील जुन्या चर्चच्या आवारांत शतकानुशतके उभे असलेले यू पाहिले, तर सरळसोट एका खोडाचे झाड क्वचितच आढळते. बहुतेकांचा बुंधा पन्हळीदार असतो, त्यातून तीन, पाच, कधी त्याहून अधिक खोडे वेगवेगळ्या दिशांना गेलेली असतात. काहींच्या पोटात माणूस उभा राहील एवढी ढोली असते आणि त्या ढोलीच्या कडेने नवी खोडे वर आलेली असतात. जुन्या यूचे हे रूप उथळ कुंडीत, दोन-अडीच फुटांच्या उंचीत उभे करणे हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. झाडाला मोकळे सोडल्याने असे बोन्साय तयार होत नाही. निसर्गात यूला अनेक खोडे कोणकोणत्या कारणांनी येतात ते ओळखून प्रत्येक खोडाची जागा, कल, जाडी आणि वय त्या कारणांशी जुळवावे लागते. पाहणाऱ्याला ती कारणे ठाऊक नसली, तरी ती जुळली आहेत की नाहीत हे त्याच्या नजरेला जाणवते. या पुस्तकाची सगळी मांडणी या एका सूत्रावर उभी आहे.

यू म्हणजे वनस्पतिशास्त्रातील टॅक्सस हा वंश. युरोपात आणि पश्चिम आशियात टॅक्सस बकाटा ही जाती वाढते, जपान, कोरिया आणि ईशान्य चीनमध्ये टॅक्सस कस्पिडाटा, तर उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या जंगलांत टॅक्सस ब्रेव्हिफोलिया. हिमालयातही यू आहे. उत्तराखंडात त्याला थुनेर म्हणतात. बोन्सायसाठी युरोपात प्रामुख्याने टॅक्सस बकाटा वापरतात. जपानमध्ये टॅक्सस कस्पिडाटा, म्हणजे तिथला इचिई, आणि त्याचा क्याराबोकु हा ठेंगणा प्रकार वापरला जातो. तोत्तोरी प्रांतातील दाइसेन पर्वताच्या माथ्याजवळ क्याराबोकुचे विस्तीर्ण नैसर्गिक बन आहे. तिथे हिवाळाभर पडणाऱ्या बर्फाच्या ओझ्याखाली झाडे उंच न होता जमिनीलगत अनेक फाट्यांनी पसरतात.

यू हा सूचिपर्णी वृक्षांपैकी असला, तरी पाइन किंवा ज्युनिपर यांच्यापासून तो बराच वेगळा आहे. त्याच्या लाकडात राळ नसते. पाने सुईसारखी गोल नसून चपटी, अरुंद, वरून गडद हिरवी आणि खालून फिकट असतात. डहाळीवर ती सर्पिल क्रमाने उगवतात, पण देठाशी पीळ घेऊन दोन्ही बाजूंना पिसाऱ्यासारखी पसरतात. त्याला लाकडी शंकू धरत नाहीत. एकेक बी लाल, गरदार, पेल्याच्या आकाराच्या आवरणात बसते. नर आणि मादी झाडे सहसा वेगळी असतात. तो लाल गर सोडला, तर पाने, साल, लाकूड, बी अशा सर्व भागांत विषारी अल्कलॉइडे असतात. त्यामुळे छाटलेला पाला गुरांच्या तोंडी लागेल असा टाकू नये, आणि लाकूड कोरताना मास्क व हातमोजे वापरावेत.

या विषारी झाडातूनच कर्करोगावरील एक महत्त्वाचे औषध मिळाले. टॅक्सस ब्रेव्हिफोलियाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल वेगळे करून त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी मनसुख वाणी हे मूळचे नंदुरबारचे. मन्रो वॉल हे त्यांचे सहकारी. साल काढली की झाड मरते, म्हणून पुढे युरोपीय यूच्या पानांतील एका घटकापासून हे औषध बनवण्याची पद्धत निघाली, आणि इंग्लंडमधील यूच्या कुंपणांची दरवर्षीची छाटण त्यासाठी गोळा होऊ लागली. कुंपणाचे झाड वर्षानुवर्षे छाटले तरी पुन्हा पालवते, या गुणावर ती सोय उभी राहिली. बोन्सायकाराच्या दृष्टीनेही यूचे सर्वांत मोठे बळ हेच आहे.

पाइन किंवा स्प्रूसची फांदी हिरवळ संपते त्याच्या मागे कापली, तर बहुधा ती वाळते. यूचे तसे नाही. शेकडो वर्षांच्या, पान न उरलेल्या खोडावरही सालीखालचे सुप्त डोळे जागे होतात आणि धुमारे फुटतात. सावली सहन करण्याची त्याची ताकद मोठी आहे, त्यामुळे दाट पर्णसंभाराच्या आतल्या डहाळ्याही बराच काळ जगतात. वाढ मात्र संथ असते आणि वाढीची वलये अरुंद, म्हणून लाकूड जड व घट्ट होते. त्याचा गाभा नारिंगी-तांबूस आणि टिकाऊ, तर बाहेरचा थर फिकट आणि लवकर कुजणारा असतो. जखम भरून येण्याचा वेगही मंद आहे. मोठी फांदी कापली, की तिच्याखालची साल बरेचदा पट्ट्यासारखी खालपर्यंत वाळते आणि बुंध्यावर जिवंत व मृत पट्टे शेजारी शेजारी दिसू लागतात. जुना यू पन्हळीदार दिसतो, त्यामागे हे एक कारण आहे. विशिष्ट मुळे विशिष्ट फांद्यांना पोसतात, आणि एका झाडाचे भाग पुष्कळदा स्वतंत्र झाडांसारखे वागतात. स्कॉटलंडमधील फोर्टिंगल येथील अतिप्राचीन यू नर म्हणून प्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये त्याच्या एका फांदीवर मादी झाडाला येतात तशी लाल फळे आढळली.

निसर्गात यूला अनेक खोडे येण्याच्या मुख्य वाटा पाच आहेत. प्रत्येक वाट झाडावर आपली खूण ठेवते.

पहिली वाट बुंध्याच्या फुटव्यांची. कोवळे झाड हरणांनी खुडले, वाऱ्याने मोडले किंवा माणसाने तोडले, की बुंध्याच्या घेरावरून एकाच सुमारास अनेक फुटवे उठतात. प्रत्येकाला उजेड बाहेरच्या बाजूने मिळतो, म्हणून सगळे मुळाशी बाहेर झुकतात आणि मग वर वळतात. अशा झाडाची खोडे वयाने जवळपास सारखी, पण जाडीने कमी-अधिक असतात. ज्याला उजेड अधिक मिळाला तो पुढे जातो. मधोमध मूळ खोडाचा कुजका थुटा राहतो. सह्याद्रीत महाबळेश्वरच्या पठारावर पूर्वी तोडल्या गेलेल्या अंजनीच्या झाडांची अनेक खोडे याच पद्धतीने आलेली आहेत. फुटव्यांचे हे रूप ज्याला समजून घ्यायचे आहे, त्या मराठी वाचकाला ते तिथे पाहता येईल.

दुसरी वाट पोखरण्याची. जुन्या यूचा गाभा टिकाऊ असला, तरी शतकांच्या ओघात बुरशी त्याला आतून खाते. बुंधा पोकळ होतो, पुढे त्याला चिरा पडतात आणि जिवंत कवचाचे तुकडे वेगळ्या खोडांसारखे उभे राहतात. फोर्टिंगलच्या यूचा घेर १७६९ मध्ये डेन्स बॅरिंग्टन यांनी मोजला तेव्हा तो ५२ फूट, म्हणजे सुमारे १६ मीटर भरला. आज तिथे अखंड बुंधा नाही; जुन्या घेराच्या कडेवर उरलेली खोडे मध्ये मोकळी जागा ठेवून उभी आहेत. अशा रूपात खोडांची बाहेरची बाजू गोलसर आणि सालीने झाकलेली, तर आतली बाजू सपाट किंवा खोलगट आणि मृत असते.

तिसरी वाट दाबकलमाची. यूच्या खालच्या फांद्या लांब होऊन भाराने जमिनीला टेकतात, टेकल्या जागी मुळे धरतात आणि तिथून वर चढतात. ससेक्समधील किंग्ली व्हेल या चुनखडीच्या टेकड्यांवरील यूच्या बनात जुन्या झाडांच्या फांद्या अशा जमिनीवर उतरून पुन्हा उठलेल्या दिसतात. इथे मधले खोड सर्वांत जुने आणि जाड, तर भोवतालची खोडे तरुण आणि कमानीसारख्या बुडाची असतात. चौथी वाट पडलेल्या झाडाची. खोड आडवे झाले, तरी काही मुळे जमिनीत असतात. वरच्या बाजूच्या फांद्या उभ्या होतात आणि काळाने रांगेतल्या झाडांसारख्या दिसतात. पाचवी वाट बियांची. पक्षी लाल गर खातात आणि बी न फोडता टाकतात. एकाच ठिकाणी पडलेल्या अनेक बियांची रोपे शेजारी वाढतात, जाड होतात आणि बुंध्याशी एकमेकांना चिकटतात.

बोन्साय घडवायला घेण्यापूर्वी हातातल्या झाडाला यांतली कोणती वाट शोभते हे ठरवावे. दोन वाटांची सरमिसळ फारशी जमत नाही. बुंध्याच्या मधोमध पोकळी आणि भोवती पाच खोडे आहेत, पण त्यांच्या आतल्या बाजूंवर अखंड साल आणि हिरव्या फांद्या आहेत, अशी रचना गोंधळलेली वाटते, कारण निसर्गात ती त्या रीतीने घडत नाही.

अनेक खोडांच्या बोन्सायला जपानी परंपरेत स्वतंत्र नावे आहेत. दोन खोडांचे ते सोकान, तीनचे सानकान, आणि एकाच मुळावरून अनेक खोडांचा झुबका उठला की कबुदाची. आडव्या खोडावरून उभ्या राहिलेल्या रांगेला इकादाबुकी म्हणतात. लहान समूहात खोडांची संख्या विषम ठेवण्याची प्रथा आहे, आणि चार ही संख्या विशेषकरून टाळतात, कारण जपानीत तिचा एक उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा आहे. संख्या वाढली की डोळा मोजणे सोडतो आणि विषम-समचा प्रश्न उरत नाही. झाडांचे समूह कसे मांडावेत याचा विचार बोन्सायपेक्षा व्यापक आहे. १६७९ मध्ये चीनमध्ये छापल्या गेलेल्या, मस्टर्ड सीड गार्डन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकला-पुस्तिकेत दोन, तीन आणि पाच झाडे एकत्र कशी काढावीत याचे धडे आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नियमांचे नव्याने वाचन झाले. कॅलिफोर्नियातील जॉन नाका (१९१४–२००४) यांनी पाश्चात्त्य देशांत बोन्सायचे शिक्षण रुजवले. झाडाला बोन्सायचे रूप देण्याऐवजी बोन्सायला झाडाचे रूप द्यावे, असा त्यांच्या शिकवणीचा आशय होता. त्यांची गोशिन ही अकरा ज्युनिपरांची रचना वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. ऑस्ट्रियात जन्मलेले आणि जर्मनीत काम करणारे वाल्टर पाल यांनी निसर्गसदृश शैलीचा सातत्याने पुरस्कार केला. प्रत्येक जातीचे बोन्साय त्या जातीच्या मोकळ्यावरच्या जुन्या झाडासारखे दिसावे, सर्व सूचिपर्णी झाडे एकाच त्रिकोणी साच्यात बसवू नयेत, हे या विचाराचे सार आहे. यूबाबत तो साचा विशेष खटकतो. पायऱ्यांसारखे सपाट थर आणि टोकदार शेंडा हे उंच पर्वतावरच्या पाइनचे किंवा ज्युनिपरचे रूप आहे. मोकळ्यावरचा जुना यू रुंद, घुमटाकार आणि दाट असतो. त्याच्या फांद्या आडव्या निघून टोकाशी किंचित झुकतात, शेंडा बोथट असतो आणि पर्णसंभारात मधूनमधून खोल सावलीच्या फटी असतात.

यूची चांगली सामग्री मिळण्याचे युरोपातील सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे जुने कुंपण. घराची डागडुजी किंवा रस्त्याचे रुंदीकरण होताना अशी कुंपणे काढली जातात. वर्षानुवर्षांच्या छाटणीने त्यांची उंची आवरलेली असते, बुंधा जाड झालेला असतो आणि जमिनीजवळूनच अनेक फाटे फुटलेले असतात. रोपवाटिकेतील जुनी, विकली न गेलेली झाडेही चालतात. हिमालयी यू मात्र या कामासाठी जंगलातून आणू नये. सालीसाठी आणि पानांसाठी झालेल्या तोडीमुळे तो दुर्मीळ झाला आहे, आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे.

कुंपणातले झाड हिवाळ्याच्या अखेरीस, डोळे फुगण्याआधी खणतात. जाड मुळे कापावी लागतात, पण बुंध्याजवळची तंतुमुळे जपावी लागतात. यू सहसा त्यांच्याच जोरावर सावरतो. हिरवा पाला शक्य तेवढा ठेवावा, कारण नवी मुळे त्याच्या पोषणावरच निघतात. झाड उत्तम निचऱ्याच्या मिश्रणात, लाकडी पेटीत पक्के बांधून लावावे. हलले तर कोवळी मुळे तुटतात. त्यानंतरची दोन वर्षे पाणी, खत आणि उजेड याखेरीज काहीही करू नये. या काळात खोडांवर धुमारे फुटतात, आणि पुढच्या रचनेला लागणाऱ्या फांद्या बहुतांशी याच धुमाऱ्यांतून मिळतात.

खोडांची निवड ही या कामातली सर्वांत निर्णायक पायरी. एक नमुना घेऊन ती जवळून पाहता येईल. समजा, कुंपणातून काढलेल्या यूचा बुंधा ३० सेंटिमीटर रुंद आहे आणि त्यातून सात खोडे उठली आहेत. प्रथम वरची माती झाडून मुळांचा फैलाव उघडा करावा आणि झाड फिरवत सगळ्या बाजूंनी पाहावे. ज्या बाजूने बुंधा सर्वांत रुंद दिसतो, मुळे दोन्हीकडे पसरलेली दिसतात आणि खोडे एकमेकांना झाकत नाहीत, ती दर्शनी बाजू. सातांपैकी दोन खोडे प्रत्येकी ८ सेंटिमीटर जाड आहेत. दोन्ही राखली तर डोळा त्यांच्यामध्ये अडकतो आणि झाडाचा मुख्य अक्ष हरवतो. एक पातळ खोड समोरून आडवे जाऊन इतरांना छेदते. आणखी एक खोड शेजाऱ्याला इतके चिकटून आहे की दोघांमध्ये फट उरत नाही.

पातळ आडवे खोड बुंध्याशी कापले जाते. चिकटलेल्या जोडीतले अशक्त खोडही जाते. दोन जाड खोडांपैकी ज्याचे वळण बरे आणि ज्याला खालपासून फांद्या आहेत ते मुख्य खोड ठरते. दुसरे पूर्ण काढले तर बुंध्यावर ८ सेंटिमीटरची जखम राहील, आणि यू ती लवकर भरणार नाही. म्हणून ते २० सेंटिमीटरवर तोडून त्याला मृत थुटा करतात. मग रचनेचा अर्थ स्पष्ट होतो : मधले मूळ खोड कधीकाळी मोडले आणि त्याच्या कडेने नवी खोडे उठली. उरलेल्या चार जिवंत खोडांची उंची ६५, ५०, ४० आणि २५ सेंटिमीटर अशी असमान ठेवतात. जाडी उंचीशी जुळलेली असावी. उंच पण पातळ खोड ठेंगण्या जाड खोडाशेजारी पोरके दिसते. चार टाळण्याची प्रथा पाळायची असेल, तर मृत थुटा हा पाचवा गणला जातो.

यानंतरच्या जवळपास प्रत्येक निर्णयाचे उत्तर उजेडाच्या दिशेत असते. खोडे बुंध्याशी जवळ आणि शेंड्याशी दूर असतात, कारण प्रत्येक खोड शेजाऱ्याच्या सावलीतून बाहेर पडलेले असते. बाहेरच्या खोडांना खालपासून फांद्या असतात, पण त्या बाहेरच्या अंगाला. आतल्या अंगाच्या फांद्या सावलीत मेलेल्या असतात. मधल्या उंच खोडाच्या फांद्या बऱ्याच वर सुरू होतात, आणि त्याखालचा भाग उघडा दिसतो. म्हणून आतल्या बाजूच्या फांद्या काढाव्यात आणि काही ठिकाणी त्यांचे आखूड वाळके थुटे ठेवावेत. सर्व खोडे एका रेषेत उभी नसावीत. किमान एक मागच्या बाजूस असले, की उथळ कुंडीतही खोली येते. खोडांमधल्या फटी एकसारख्या रुंदीच्या नसाव्यात. वळणांमध्ये नाते असावे : एक खोड मुळाशी उजवीकडे जाऊन वर वळत असेल, तर शेजारच्यांच्या वळणांतही त्याचा पडसाद असावा, कारण ती सगळी त्याच वाऱ्यात आणि त्याच उजेडात वाढली आहेत. शेंडे वेगवेगळे असले, तरी सगळ्यांच्या पर्णसंभाराचा मिळून एकच घुमट व्हायला हवा. चार खोडांवर चार स्वतंत्र त्रिकोण उभे राहिले, की एका झाडाची चार झाडे होतात.

मृत लाकूड हा यूचा मोठा ऐवज आहे. मृत फांदीला जपानी संज्ञा जिन, साल गेलेल्या पट्ट्याला शारी आणि पोकळ खोडाला साबामिकी अशी आहे. कोरण्याची जागा शक्यतो झाडानेच दाखवलेली असावी. कापलेल्या फांदीखाली साल वाळलीच असेल, तर वाळलेला भाग कुठे संपतो हे पाहून तेवढाच उघडा करावा. जिवंत पट्टा आणि मुळे यांचा संबंध तपासल्याशिवाय नवी साल काढली, तर वरची एखादी फांदी अचानक मरते. वर्षभर थांबले, की जिवंत भाग किंचित फुगून त्याची सीमा आपोआप दिसू लागते. कोरीवकाम लाकडाच्या तंतूंच्या दिशेने करावे. पक्कडीने तंतू धरून खाली ओढले, की लाकूड फाटून मोडल्यासारखी रेघ येते, आणि ती यंत्राच्या खाचेपेक्षा खरी वाटते. फिरत्या कटरने ढोली कोरली असेल, तर तिच्या कडा वायरब्रशने आणि आचेने मऊ कराव्यात. पावसाचे पाणी ढोलीत साचू नये म्हणून तळाला वाट ठेवावी. लाकूड टिकवण्यासाठी वर्षातून एक-दोनदा चुना-गंधकाचे द्रावण लावतात. ते वाळून पांढरेफटक होते. पण यूचे जुने लाकूड करडे आणि फटींत तांबूस-तपकिरी दिसते, म्हणून द्रावणात थोडा गडद रंग मिसळणे योग्य.

तार लावण्याचे काम शरद आणि हिवाळ्यात करतात. यूच्या कोवळ्या फांद्या चिवट असून हव्या तशा वळतात, पण बोटाएवढ्या जाडीच्या जुन्या फांद्या ताठ असतात आणि खांद्याशी फाटतात. अशा फांद्या ओढतारेने हळूहळू खाली आणाव्यात, किंवा त्या आखूड कापून नव्या धुमाऱ्यांवर फांदी पुन्हा घडवावी. यूच्या बाबतीत दुसरा मार्ग बरेचदा सरस ठरतो. साल पातळ असल्याने तार लवकर रुतते. वाढीच्या दिवसांत ती वरचेवर तपासावी. फांदीला दिलेले वळण एकसारख्या लाटांचे नसावे. जुनी फांदी सरळ जाते, मोडल्या जागी कोनात वळते आणि मग बाजूच्या डहाळीला धरून पुढे जाते.

पर्णसंभाराची घडण वर्षाच्या चक्राला धरून होते. वसंतात फिकट हिरवे कोंब एकदम फुटतात. झाड अजून घडत असेल, तर ते लांबू द्यावेत, कारण त्यांच्यामुळेच जोम येतो. कोंब पिकून पाने गडद झाली, की उन्हाळ्याच्या उत्तरार्धात ते दोन-तीन डोळ्यांवर आणावेत. त्यामुळे मागच्या लाकडावर नवे डोळे धरतात. सतत कोवळे शेंडे खुडत राहिल्याने झाड दाट दिसते, पण आतून रिकामे आणि दुबळे होत जाते. शरद ऋतूत खाली लोंबणारी आणि जुनी पाने काढली, की आतल्या डहाळ्यांना उजेड पोचतो. नर झाडावर पानांच्या खाली गोल फुलकळ्या धरतात. त्या खुडल्या तर शक्ती वाचते. शेंड्याकडे आणि बाहेरच्या टोकांना जोर अधिक असतो, म्हणून तिथली छाटणी कडक आणि खालच्या, आतल्या भागात सौम्य ठेवतात. अनेक खोडांच्या झाडात हा तोल खोडाखोडांमध्येही साधावा लागतो. मुख्य खोड मोकळे सोडले, तर सर्वांत ठेंगणे खोड काही वर्षांत सावलीत मरते.

यूला चुनखडीची जमीन चालते, पण साचलेले पाणी अजिबात चालत नाही. मुळे कुजण्याचे ते पहिले कारण. प्युमिस, लाव्हा आणि आकादामा यांसारख्या दाणेदार पदार्थांचे मिश्रण त्याला मानवते. दर दोन-चार वर्षांनी वसंताच्या आरंभी कुंडी बदलतात आणि जुन्या मातीचा काही भाग तसाच ठेवतात. व्हाइन विव्हिल या भुंग्याच्या अळ्या कुंडीतली मुळे खातात. पाणी असूनही झाड मलूल दिसू लागले, तर मुळे तपासावीत. जमिनीतल्या यूला कडाक्याची थंडी सोसते, पण उथळ कुंडीतली मुळे गोठतात, म्हणून हिवाळ्यात कुंडी आडोशाला ठेवावी. अनेक खोडांच्या यूसाठी कुंडी लांबट, लंबगोल किंवा ओबडधोबड दगडासारखी, कमी खोलीची आणि मातकट रंगाची असावी. तिच्यामुळे बुंध्याभोवती जमिनीचा विस्तार असल्याचा भास होतो.

महाराष्ट्राच्या मैदानी हवेत यू जगवण्याचा खटाटोप करू नये. त्याला खऱ्या हिवाळ्याची विश्रांती लागते, आणि मार्च ते मे मधील उष्णता त्याला सोसत नाही. युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या मराठी बागप्रेमींना तो सहज पाळता येईल. इथल्या वाचकाने पुस्तकातली तत्त्वे घ्यावीत आणि त्यांचा वापर इथल्या झाडांवर करावा. वडासारख्या फायकस वंशातील झाडांनाही बुंध्यापासून फाटे फुटतात, पण त्यांच्या अनेक खोडांमागची कारणे वेगळी आहेत. पारंब्या हे त्यांतले एक. म्हणून यूचे रूप त्यांच्यावर लादू नये. त्यांची जुनी झाडे पाहून त्यांची कारणे शोधावीत.

खणून आणलेल्या यूला पहिली दोन वर्षे विश्रांती, तिसऱ्या वर्षी खोडांची निवड, चौथ्या वर्षी मुख्य फांद्यांना तार आणि पाचव्या वर्षाच्या आसपास उथळ कुंडी, असा साधारण क्रम असतो. डहाळ्यांची दाटी येण्यास पुढची किमान पाच-सात वर्षे जातात. या पुस्तकाची प्रकरणे याच क्रमाने मांडली आहेत : आधी मोकळ्यावरच्या झाडांचे निरीक्षण, मग सामग्री, खोडांची निवड, मृत लाकूड, फांद्या, पर्णसंभार आणि शेवटी निगा. क्रम कितीही काळजीपूर्वक पाळला, तरी रचना एकदा ठरून कायमची तशीच राहत नाही. एखादे खोड जोर धरते, एखादे मागे पडते, एखादी फांदी मरते. अशा वेळी मूळ आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा मेलेल्या फांदीचे जिन करावे, मागे पडलेल्या खोडाला उजेड द्यावा किंवा ते काढून टाकावे, आणि मोकळ्यावर हेच घडले असते तर झाड कसे वाढले असते याचा विचार करून पुढची छाटणी करावी.